ऐयारांच्या बटव्यातला वेग

रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ पाहून क्रूरसिंहाच्या ‘यक्कू’ची नक्कल करत हिंडणाऱ्या पिढीतला मी एक, पण जिच्यावरून ती मालिका निघाली, ती देवकीनंदन खत्री यांची १८८८ सालची हिंदी कादंबरी वाचायला मला यंदाचा पावसाळा उजाडावा लागला. मालिकेतले चमत्कार मनात धरून पुस्तक उघडले आणि निघाले भलतेच. पुस्तकात जादू जवळजवळ नाहीच. आहेत ती कारस्थाने.

कथा थोडक्यात अशी. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे, विजयगढच्या दिवाणाच्या मुलाला, क्रूरसिंहाला, राजकन्याही हवी आहे आणि गादीही, आणि डाव फसू लागल्यावर तो चुनारचा राजा शिवदत्त याला या भांडणात ओढतो. (खलनायकाचे नाव क्रूरसिंह आणि त्याच्या बापाचे कुपथसिंह! संशयाला जागाच ठेवायची नाही, असा लेखकाचा निर्धार दिसतो.)

खरे नायक मात्र ऐयार. ऐयार म्हणजे राजाच्या पदरी असलेला हेर, बहुरूपी आणि धावपटू, सगळे एकाच माणसात. कमरेच्या बटव्यात वेषांतराचे सामान, बेशुद्ध करण्याची पूड आणि शुद्धीवर आणण्यासाठी हुंगवायचा लखलखा असतो. वीरेंद्रसिंहाचा ऐयार तेजसिंह कोणत्या पानावर कोणाच्या रूपात उभा असेल याचा भरवसा नसल्याने साध्या संवादातही वाचकाला सावध राहावे लागते. छोट्या छोट्या ‘बयानां’त, म्हणजे प्रकरणांत, विभागलेली ही कथा बहुधा नेमक्या अडचणीच्या ठिकाणी तुटते आणि आपण दिवा मालवायचे विसरतो.

या वेगाचे रहस्य मला ऐयारांच्या एका दंडकात सापडले. ऐयार शत्रूच्या हाती लागला, तर त्याला कैद करायचे, ठार मारायचे नाही. आजच्या रहस्यकथेत दर दहा पानांनी एक प्रेत पडते आणि प्रत्येक प्रेताबरोबर एक धागा संपतो. येथे खून होतच नाहीत असे नाही, पण पकडलेला ऐयार सुटतो, सुटलेला नवे सोंग घेऊन परततो, आणि ज्याने त्याला फसवले त्यालाच गोणपाटात बांधून पाठीवर घेऊन जातो. डाव कधी संपतच नाही. ऐयार आपल्या चतुराईने सैन्यांचे रक्त न सांडता लढाया मिटवीत असत, असे खत्रींनी प्रस्तावनेत सांगितले आहे. त्यांना या कलेचा आदर वाटत होता, हे त्यावरून कळते.

अद्भुताचा भाग तिलिस्मात, म्हणजे गुप्त दारे आणि सापळे असलेल्या मायावी जागेत, येतो. उर्दू दास्तानांत, म्हणजे लांबलचक अद्भुतकथांत, तिलिस्म जादूगार रचतात, तर खत्रींचे तिलिस्म मुख्यतः जुन्या कारागिरांनी खजिन्याच्या रक्षणासाठी रचलेले असते. माणसाला गिळणारा दगडी बगळा आधी भुताटकी वाटतो आणि मग त्यामागे काहीतरी युक्ती असणार, हे लक्षात येते. चकिया आणि नौगढच्या जंगलांची ठेकेदारी करताना खत्री तिथल्या खोऱ्यांतून आणि पडक्या गढ्यांतून हिंडले होते. म्हणून वाटा, गुहा आणि ओढे हाताने चाचपता यावेत इतके खरे उतरले आहेत.

दोन तक्रारी आहेत. चंद्रकांता बराच काळ रडते आणि वाट पाहते. कामे करते ती तिची सखी चपला, जी ऐयारीत भल्याभल्यांना भारी पडते, आणि पुस्तकाला तिचे नाव शोभले असते. दुसरी तक्रार चौथ्या भागाची. तिथे धावती कथा मांडी घालून बसते आणि कोण कोणाच्या वेषात होते, कोणते दार कसे उघडले, याचा पानोपानी खुलासा होतो. इतका वेळ आपण धापा टाकत आलेलो असतो, त्यामुळे तो हिशेब फार लांबतो. कथेत मध्येच अवतरणारी गूढ वनकन्या कोण, हे त्याच खुलाशात कळते. ते मात्र मी येथे फोडणार नाही.