साथीतला एक वेगळा लाल डोळा

२०२३च्या जुलैत आळंदीकडून डोळ्यांची साथ सुरू झाली आणि बघता बघता आमच्या गावातही घरोघरी काळे चष्मे दिसू लागले. माझ्या ओपीडीत सकाळपासून रांग असायची. लाल डोळे, चिकटलेल्या पापण्या, वाळू गेल्यासारखं टोचणं. तपासायचं, हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायला सांगायचं, की पुढचा पेशंट.

त्या रांगेत चाकणला कारखान्यात काम करणारा, तिशीच्या आतला एक तरुण आईबरोबर आला. आईच बोलली, "घरात सगळ्यांचेच डोळे आले होते, मॅडम. आमचे आठवड्यात गेले. ह्याचा एक काही जाईना. मेडिकलमधून थेंब आणून घातले, तरी तसाच." एकच डोळा, आणि तोही आठवडा उलटून. साथीत एक डोळा आला की एक-दोन दिवसांत बहुधा दुसराही येतो. म्हणून मी विचारलं, "सकाळी पापण्या चिकटतात का? चिपडं येतात?" तो म्हणाला, "चिपडं नाहीत, पण उजेड अजिबात सोसत नाही. आणि इथे भुवईत आतून ठणकतं."

काळा चष्मा त्या दिवसांत प्रत्येकाच्याच डोळ्यांवर होता, त्यामुळे त्याच्या चष्म्याचं कारण निराळं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्याचा दुखरा डावा डोळा तळहाताने झाकायला सांगितला आणि चांगल्या उजव्या डोळ्यावर बॅटरी मारली. तो कळवळला, पण झाकलेल्या डाव्या डोळ्यात कळ आली म्हणून! एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. आतला स्नायू सुजलेला असेल तर ते आकसणं सहन होत नाही. साध्या बॅटरीने होणारी ही तपासणी मला फार मोलाची वाटते, कारण ती खेड्यातल्या दवाखान्यातही करता येते.

लाली पापणीकडे कमी आणि बुबुळाभोवती कड्यासारखी जास्त होती. डावी बाहुली लहान, एका बाजूने ओढल्यासारखी वेडीवाकडी. तक्त्यावरच्या मधल्या ओळींतच तो अडखळला. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाची बारीक तिरीप डोळ्यात सोडली, तर कवडशात धूळ तरंगावी तशा पांढऱ्या पेशी आतल्या पाण्यात तरंगताना दिसल्या. कागदावर लिहिलं : अक्यूट अँटिरियर युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत, पुढच्या भागात अचानक आलेली सूज.

त्याने तिथेच मोबाईलवर शोधलं आणि घाबरून विचारलं, "मॅडम, हे इन्फेक्शन आहे का? घरात लहान मुलगी आहे." हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. बुबुळाचा रंगीत पडदा, त्यामागचा स्नायूचा भाग आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यामागचा (रेटिनामागचा) रक्तवाहिन्यांचा थर मिळून युव्हिया होतो. लॅटिनमधल्या द्राक्षाच्या शब्दावरून हे नाव पडलं. 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. दाह जंतूंमुळे होऊ शकतो, तसा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यामुळेही होतो. टीबीनेही युव्हायटिस होतो, म्हणून आपल्याकडे छातीचा एक्स-रे काढल्याशिवाय मी राहत नाही. पण साथीच्या डोळ्यांसारखा हा आजार टॉवेलवरून पसरत नाही. मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही म्हटल्यावर तो जरा सैलावला.

उपचाराआधी फ्लुरोसीनचा रंग घालून निळ्या प्रकाशात बुबुळावर जखम नाही ना ते पाहिलं आणि डोळ्याचा दाब मोजला. युव्हायटिसला स्टिरॉइडचे थेंब तासातासाला लागतात. तेच थेंब नागिणीसारख्या विषाणूच्या जखमेवर पडले, तर नजर जाऊ शकते. म्हणून 'लाल डोळ्याचे थेंब द्या' असं दुकानात मागू नका, असं मी पोटतिडकीने सांगत असते. जोडीला बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिनचे थेंब दिले. बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटू लागली होती. ती कायमची चिकटली, तर पुढे काचबिंदूची भीती असते.

मग मी विचारलं, "सकाळी उठल्यावर कंबर आखडते का?" तो गप्पच राहिला. आई चमकून म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं? दोन-तीन वर्षं झाली, उठताना भिंत धरतो. कामाला लागला की मोकळी होते. आम्ही म्हणतो, उभ्याच्या ड्युटीमुळे असेल." कष्टाने दुखणारी कंबर विश्रांतीने बरी वाटते. याची विश्रांतीने आखडत होती. अचानक होणाऱ्या अशा युव्हायटिसच्या पेशंटांपैकी साधारण निम्म्यांमध्ये एचएलए-बी२७ ही आनुवंशिक खूण सापडते. त्यांच्यातल्या अनेकांना अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणके हळूहळू जखडवणारा संधिवात असतो. नुसती खूण असली म्हणजे आजार होतोच असं नाही, पण याची कंबर बोलत होती. मी त्याला पुण्यात संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणीत बी२७ निघाला आणि एमआरआयत कंबरेखालच्या सांध्यांना सूज दिसली. औषधं आणि व्यायाम सुरू झाले.

डोळा आठवड्यात पांढरा झाला, तसे त्याला थेंब बंद करायचे होते. मी करू दिले नाहीत. स्टिरॉइड एकदम थांबवलं की दाह उसळून येतो. सहा आठवडे हळूहळू कमी करत नेलं.

पुढच्या वर्षी उजवा डोळा लाल झाला. बी२७च्या पेशंटांत असं पालटून येणं नेहमीचं. त्या वेळी तो पहिल्याच दिवशी संध्याकाळी ड्युटी संपवून थेट आला. दारातूनच म्हणाला, "मॅडम, चिपडं नाहीत, उजेड सोसत नाही." बाहुली अजून कुठेही चिकटलेली नव्हती.