कानाने ऐकायचा डोस

अ‍ॅनाफिलॅक्सिसवर (म्हणजे अचानक उठणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीवर) डॉक्टरांसाठी पॉडकास्टचा भाग करायचा तर विषय एवढाच ठेवा: पहिली १० मिनिटं. सुरुवात थेट डोसपासून. अ‍ॅड्रिनलिन, १ मिलीत १ मिलिग्रॅमचा अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनची छोटी काचेची कुपी. प्रौढाला अर्धा मिली, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फरक पडला नाही तर ५ मिनिटांनी पुन्हा. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर नाही.

इथेच ऑडिओ घात करतो. गाडी चालवत ऐकणाऱ्याच्या कानातून ‘पॉइंट पाच’मधला ‘पॉइंट’ निसटतो आणि पाच उरतात. म्हणून ‘अर्धा मिली, म्हणजे अर्धा अँप्यूल’ असं म्हणा, तेही दोनदा. तोच अँप्यूल पातळ न करता शिरेतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते, हे लगेच जोडा. आधी एव्हिल (अ‍ॅलर्जीचं नेहमीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) देऊन वाट बघायची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे. त्यावर खुशाल दोन मिनिटं खर्च करा. घशाची सूज किंवा पडलेलं बीपी ती औषधं वेळेत सावरत नाहीत.

माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद. सूचना बदलत राहतात, म्हणून रेकॉर्डिंगची तारीख भागातच सांगा. शेवटी दुसऱ्या डॉक्टरला भाग ऐकवून आकडे कागदावर उतरवायला सांगा. एकही चुकला तर तेवढा तुकडा पुन्हा रेकॉर्ड करा.