फोटो चिकटवलेला साक्षीदार

कंपनी बंद पडली की कंपनीच्या नावावरच्या गाड्यांचं लोनही मेलं, असं धरून चालणारे लोक माझ्याकडे अधूनमधून येतातच, मी वकील आहे. नाशिकात छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना काय तोटा, अंबड-सातपूरला गल्लीगल्लीत आहेत. पण मध्यंतरी आलेली एक केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

दोघं भाऊ आले होते. धाकट्याची रीफर गाड्यांची कंपनी होती, म्हणजे सीझनला एक्स्पोर्टची द्राक्षं थंड कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात पोचवायची. 2019 ला दोन गाड्या फायनान्सवर काढल्या आणि पुढच्याच सीझनला ऐन तोडणीत मार्च 2020 चा लॉकडाऊन लागला, त्यात पार्ट्यांची पेमेंटं अडकली ती अडकलीच. पुढं कशीबशी ओढाताण, मग हप्ते थकले, एक दिवस सीझिंगवाल्यांनी आडगावच्या बाजूला एका ढाब्यासमोरून दोन्ही गाड्या उचलल्या. कंपनीचा धंदा बंद, रिटर्न भरायचे बंद, शेवटी आरओसीने, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसने, रजिस्टरमधून नावच काढून टाकलं. ती स्ट्राइक ऑफची नोटीस या माणसाने चक्क लॅमिनेट करून आणली होती. टेबलावर ठेवून म्हणतो, "मॅडम, कंपनीच नाही राहिली, तर हे पैसे कुणाकडे मागतायत?"

मागणीची नोटीस होती 19 लाख 40 हजारांची. नोटिशीवर नावं तीन, एक कंपनीचं, दुसरं याचं आणि तिसरं नानांचं. नाना म्हणजे थोरला भाऊ, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, कंपनीत ना डायरेक्टर ना एक शेअर. तोवर ते एक शब्द बोलले नव्हते, टोपी मांडीवर ठेवून बसलेले.

आधी धाकट्याचा भ्रम उतरवला. कंपनीज अ‍ॅक्टच्या कलम 248 खाली नाव गेलं तरी डायरेक्टर-मेंबरवर जी काही जबाबदारी असेल ती तशीच चालू राहते, त्या कलमातच लिहिलंय तसं. वर घेणेकऱ्याला वाटलं तर कलम 252 खाली एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या ट्रिब्युनलमध्ये, जाऊन कंपनी परत जिवंत करून मागता येते, त्याला मुदत किती, तर 20 वर्षं! पण इथं एवढं लांब जायची गरजच नव्हती. अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स उघडली आणि त्याला त्याच्याच दोन सह्या दाखवल्या. एक कंपनीच्या गोल शिक्क्यावर, डायरेक्टर म्हणून. दुसरी चार पानं पुढं, शिक्का नाही काही नाही, नुसती सही आणि घरचा पत्ता. पहिली सही कंपनीची, दुसरी तुमची स्वतःची, जामीनदार म्हणून. कंपनी बुडाली तरी दुसरी सही करणारा माणूस माझ्यासमोर बसलाय ना, मग पैसे त्याच्याकडे मागणार.

"पण गाड्या तर त्यांनीच नेल्या!"

हे वाक्य प्रत्येक जण बोलतो. गाडी नेली म्हणजे कर्ज फिटलं असं नसतं हो. गाडी विकून जे येतं ते वजा करतात आणि उरलेलं मागतात. इथं बाकी होती साधारण 31 लाख, दोन्ही गाड्यांचे मिळून आले 17. राहिले 14, त्यावर व्याज, दंड, यार्डाचं भाडं, वकिलाची फी, असं करत करत आकडा साडेएकोणीसच्या घरात गेला. आता भांडायचं असेल तर ते या 17 लाखांवर भांडायचं, रीफर गाड्या इतक्या स्वस्तात कशा गेल्या, बोली किती जणांनी लावली, विकायच्या आधी पैसे भरायची शेवटची संधी दिली का. ती संधी अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेली असलीच पाहिजे असं रिझर्व्ह बँकेनं एनबीएफसींना, म्हणजे या फायनान्स कंपन्यांना, 2009 पासून सांगितलंय. आणि दंडावर भांडायचं, कारण 2024 पासून दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला मनाई आहे आणि या स्टेटमेंटमध्ये उघड उघड तेच दिसत होतं. त्यामुळे आकडा खाली येतो. शून्य होत नाही.

मग नाना पहिल्यांदा बोलले. "मॅडम, माझं नाव चुकून आलंय. मी नुसता साक्षीदार होतो. हा म्हटला सही लागते, मी मोटारसायकलवर आलो, सही केली अन् गेलो, बागेत फवारणी चालू होती."

मी त्यांचं पान काढलं. वर उजवीकडे पासपोर्ट साइज फोटो चिकटवलेला, टोपीसकट, आणि अर्धी सही फोटोवर अर्धी कागदावर, सावकाश काढलेली मराठी सही, र ची मान लांब. खाली आधार नंबर, पॅन आणि जोडलेला सातबारा. नानांना म्हटलं, साक्षीदाराचा फोटो कुणी चिकटवत नाही नाना आणि त्याचा सातबारा तर कुणीच मागत नाही. हे जामीनदाराचं पान आहे. बराच वेळ ते त्या फोटोकडेच बघत होते. धाकटा मोबाईल काढून उगाच काहीतरी शोधायला लागला.

जामीनदाराबद्दल आपल्याकडे अजून समज असा की आधी कर्जदाराला पूर्ण पिळून घ्यायचं, काहीच निघालं नाही तर मग जामीनदाराकडे यायचं. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 128 तसं म्हणत नाही, 1872 चा कायदा आहे, तेव्हापासून जामीनदार कर्जदाराच्या बरोबरीनं जबाबदार. फायनान्सवाला उद्या थेट नानांकडे गेला तरी चालतं. नानांचा पुढचा प्रश्न अर्थातच बागेचा. बागेवर आज काही बोजा नाही, लोन गाड्यांवर होतं, जमीन तारण नव्हती. पण आर्बिट्रेशनचा, म्हणजे लवादाचा, निवाडा विरुद्ध गेला तर तो कोर्टाच्या डिक्रीसारखाच वसूल होतो आणि तेव्हा जमीन जप्तीत येऊ शकते. शेतकऱ्याचं राहतं घर आणि शेतीची अवजारं सुटतात, जमीन सुटत नाही. हे मी गोड करून सांगितलं नाही, सांगायला पाहिजेच होतं.

खरी गंमत पुढं झाली. फाईल चाळताना 2021 चा एक सप्लिमेंटरी कागद सापडला, कोविडनंतरच्या रिस्ट्रक्चरिंगचा, मुदत वाढवलेली, हप्ता बदललेला, थकलेलं व्याज मुद्दलात टाकलेलं. कंपनीचा शिक्का आहे, धाकट्याची सही आहे, जामीनदार म्हणून नानांच्या सहीची जागा कोरी! कलम 133 म्हणतं की जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ कराराच्या अटी बदलल्या तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. तसं म्हटलं तर मूळ अ‍ॅग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात 'जामीनदार हे सगळे हक्क सोडतो' असा क्लॉज होताच, हल्ली सगळेच घालतात, त्यामुळे लढाई काही सरळ नव्हती, पण मुद्दा भक्कम होता. नानांना हे विचारायलाच पाहिजे होतं, तुम्हाला 2021 मध्ये कुणी काही कळवलं होतं का? ते म्हणाले, नाही.

आणि मी तिथंच थांबले. कारण हा मुद्दा नानांचा, धाकट्याच्या विरुद्ध जाणारा. एक जामीनदार सुटला म्हणून दुसरा सुटत नाही, म्हणजे नाना सुटले की सगळा भार याच्यावर, नाहीतर दोघांत तो निम्मा निम्मा वाटून मागता आला असता. एकाच वकिलानं दोघांचं वकीलपत्र घेऊन हे कसं लढायचं? मी स्पष्ट सांगितलं, तुम्ही दोघांनी वेगवेगळे वकील करा, आणि मी दोघांचं ऐकून घेतलंय म्हणून मी कुणाचंच घेणार नाही.

धाकटा उसळलाच. "मॅडम, आम्ही तुमच्याकडे नोटीस घेऊन आलो, तुम्ही घरात भांडण लावता? नाना काय माझ्या विरुद्ध उभे राहणारेत का?"

नानांनी त्याला हाताने गप्प केलं. मला म्हणाले, "त्या कोऱ्या जागेच्या कागदाची झेरॉक्स मला वेगळी द्या." आमच्या पोरानं काढून आणली, त्यांनी ती नीट चौघडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. धाकटा तोवर जिना उतरून गेलेला.

मला तेव्हा वाटलं, झालं, आता बांधाचीही भांडणं निघणार. पण कोर्टात नानांचा वकील भेटला, माझ्या ओळखीचाच निघाला. त्यानं कलम 133 चं उत्तर धाडलंय, धाकट्याच्या वकिलानं लिलावाची सगळी कागदं आणि दंडाचा हिशोब मागितलाय, आणि दोघांची उत्तरं एकाच आठवड्यात गेल्यावर फायनान्सवाल्यांचा माणूस आता सेटलमेंटचा आकडा बोलायला लागलाय, 9 लाखांच्या आसपास. नाना त्यातले काही देणार म्हणे, स्वतः सुटायचा मुद्दा हातात असून. किती ते त्यांच्या घरातलं. धाकट्यानं माझी सल्ल्याची फी मात्र अजून दिलेली नाही.