डब्यातला कोळसा

खानापुरात आमच्या परड्यात काजूची छाटणी वाळून पडलेली. जुन्या डब्यात ठासून भरली, झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं आणि भोवती जाळ केला. आधी पांढरी वाफ, मग पिवळट, जड धूर. आई नाकाला पदर लावून आली. "काय करूलास रे? लोणचं आंबल्यागत वास येऊलाय!"

बरोबर ओळखलं तिनं. लाकूड हवेविना तापलं की कोळशाबरोबर व्हिनेगरमधलंच अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, थोडं मिथेनॉल, शिवाय डांबर. कर्नाटकातल्या भद्रावतीचा लोखंड कारखाना १९२३ साली लाकडाच्या कोळशावरच सुरू झाला; तिथं हा धूर थंड करून असली रसायनं काढत.

माझ्या वाट्याला झाकणाखालचा चिकट राप तेवढा आला. रॉकेलनंही बोटं सुटेनात. कोळसा मात्र खणखणीत वाजला.