आमची वाटचाल : जाहिरातीतल्या दरापासून दस्तातल्या दरापर्यंत

घरांच्या बाजारावर लेख लिहिणाऱ्यांना आकडे पुरवणं हा आमचा धंदा. सुरुवातीची पद्धत सगळ्यांचीच तीच : गोव्यात पणजीजवळच्या पर्वरीतल्या चाळीस-पन्नास जाहिराती काढायच्या, सरासरी मारायची, आकडा पाठवायचा. पण जाहिरातीत असते ती मागितलेली किंमत. एकच फ्लॅट तीन एजंट तीन दरांनी टाकतात, आणि विकला गेलेला फ्लॅटही महिनोन्‌महिने तिथेच लटकत राहतो. आता जाहिराती आम्ही फक्त मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतला फरक बघायला ठेवल्या आहेत.

दर काढतो तो नोंदणी झालेल्या दस्तांवरून. नोंदणी कायदा १९०८, कलम ५७ : पुस्तक क्रमांक १ (स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं) आणि त्याची सूची फी भरून कोणालाही बघता येते. तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कचेरीत बसून प्रत्येक दस्तातून करार की विक्रीखत, नोंदणीची तारीख, महसुली गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि मोबदला एवढं उतरवायचं.

इथेच पहिला खड्डा. रेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणारा कायदा. त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणून आधी करार नोंदतात आणि ताबा देताना विक्रीखत. दोन्ही मोजले तर एका फ्लॅटचे दोन व्यवहार होतात. शिवाय विक्रीखतात दोन-तीन वर्षांपूर्वी ठरलेला दर आजच्या तारखेने दिसतो. नव्या इमारतीसाठी आम्ही फक्त करार धरतो, जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीसाठी विक्रीखत.

दुसरा खड्डा गावाच्या नावाचा. लोक ज्याला पर्वरी म्हणतात ते दस्तात सुकूर, पेन्ह द फ्रान्स किंवा साल्वादोर दो मुंद म्हणून येतं. दोनापावल शोधायचं तर ताळगाव उघडावं लागतं. सूचीत ‘पर्वरी’ शोधून दस्त मिळत नाहीत म्हणून ‘व्यवहार थंडावले’ असं लिहून मोकळे झालेले लेख आम्ही वाचले आहेत.

क्षेत्रफळावर तर निम्मा वेळ जातो. दस्त चौरस मीटरमध्ये, जाहिरात चौरस फुटात, १ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फूट, एवढं सोपं. अवघड आहे ते कोणतं क्षेत्र हे. समजा फ्लॅट ७२ लाखांचा, सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबी यांचा वाटा धरून) १०० चौ.मी., कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्र) ६८. पहिल्या हिशेबाने दर ६,६८९ रुपये चौ.फूट, दुसऱ्याने ९,८३७. घर तेच, पैसे तेवढेच. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. गोव्याच्या घरांना ऐसपैस बाल्कनी लागतेच, त्यामुळे ही तफावत आपल्याकडे जास्त बोचते. क्षेत्राचा प्रकार लिहिलेला नसेल तर तो दस्त आम्ही दराच्या हिशेबातून काढतो.

जुनी घरं आणि भाटांच्या (माडा-झाडांच्या बागायती जमिनींच्या) दस्तांत आणखी एक गंमत असते. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे मालमत्तेत नवरा-बायको आणि वारस यांचे हिस्से पडतात, आणि एखादा वारस फक्त आपला अविभाजित चौथा हिस्सा विकतो. दस्तात क्षेत्र मात्र पूर्ण सर्व्हेचं. घाईत वाचलं की चौथ्या हिश्श्याची किंमत अख्ख्या जमिनीला लागते. म्हणून दस्तातलं मालमत्तेच्या वर्णनाचं परिशिष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं आणि एक-चौदाच्या उताऱ्यावरचे (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा सरकारी उतारा) कब्जेदार ताडून बघायचे. तिथेच मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) किंवा कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था) नोंद असेल तर ती जमीन वेगळ्या ढिगात. सनद (बिगरशेती वापराची परवानगी) झालेला प्लॉट आणि प्रादेशिक आराखडा २०२१ मधली बागायत कधीच एकत्र मोजायची नाही.

सरासरी आम्ही देत नाही, मध्यक देतो, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. ६२, ६८, ७१, ७५ लाखांचे चार फ्लॅट आणि साडेचार कोटींचा एक व्हिला : सरासरी १४५.२ लाख, मध्यक ७१. त्यातलं एकही घर १४५ लाखांच्या आसपासचं नाही.

दस्तातली रक्कमही डोळे मिटून घेत नाही. एका गावातले बरेच दस्त सरकारी किमान दराला चिकटून बसले असतील तर खरी रक्कम वर असण्याचा संशय धरतो आणि तसं तळटीपेत लिहितो. न विकलेले फ्लॅट मोजायला बिल्डरने रेरा प्राधिकरणाकडे दर तिमाहीला भरलेली बुकिंगची माहिती आधार देते; मात्र भरल्याची तारीख बघावी, कारण काही प्रकल्पांची पानं कित्येक तिमाह्या तशीच पडून असतात.

सध्या सगळ्यांना ‘मोपामुळे किती वाढ’ हवी आहे, म्हणजे मोपाच्या नव्या विमानतळामुळे दर किती वाढले ते. विमानं ५ जानेवारी २०२३ पासून उडाली, पण विमानतळ येणार हे ठाऊक असल्यामुळे जमिनी त्याआधीच हात बदलत होत्या. म्हणून २०२२ हे मूळ वर्ष धरून टक्केवारी मागितली तर आम्ही नकार देतो. मोपा ज्या तालुक्यात आहे त्या पेडण्यातल्या एखाद्या गावात तिमाहीत चार-पाचच दस्त निघाले, तर टक्के न देता सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दर, आणि शेजारी दस्तांची संख्या, एवढंच छापायला देतो.