बाटलीतली गंगा

गेल्या रविवारी दुपारी देवघराखालचा कप्पा आवरताना वातींच्या डब्यामागून एक चपटी काचेची बाटली हाताला लागली. मूळची ती गुलाबपाण्याची असावी. तिच्यावर चिकटपट्टी लावून मावशीने आपल्या टपोऱ्या अक्षरात ‘गंगा, राजापूर’ एवढेच लिहिले होते. साल नव्हते. बूच घट्ट बसलेले होते, तरीही पाणी गळ्यापासून चांगले दोन बोटे खाली उतरले होते. बंद बाटलीतले पाणी जाते कुठे, हा प्रश्न मी मोठ्याने विचारला आणि नेहमीप्रमाणे घरातून त्याला कोणीही उत्तर दिले नाही. काशीच्या गंगेचा गडू डाग देऊन कायमचा बंद केलेला असतो, त्यामुळे आत किती उरले आहे हे पाहण्याची वेळच कोणावर येत नाही. काचेने मात्र सगळे उघड करून टाकले होते.

राजापूरची गंगा म्हणजे उन्हाळे गावच्या टेकडीवरची चौदा कुंडे. एरवी कोरडी असणारी ही कुंडे साधारण तीन वर्षांनी एखाद्या दिवशी आपण होऊन भरतात, दोन-तीन महिने वाहतात आणि जशी आली तशी गंगा गुप्त होते. अलीकडे ती हे वेळापत्रक फारसे पाळत नाही, लागोपाठच्या वर्षीही येते, असे गंगेवरचे पुजारी, म्हणजे गंगापुत्रही सांगतात आणि वर्तमानपत्रेही छापतात. माझ्या लहानपणी ही बातमी आमच्या लांज्याजवळच्या गावात वर्तमानपत्राच्या आधी एसटीच्या कंडक्टरबरोबर पोहोचत असे. ‘गंगा आली’ हे दोन शब्द पुरत आणि एखादा मानाचा पाहुणा दारात येऊन उभा राहिल्यासारखी घरात धावपळ सुरू होई.

त्या वर्षी मे महिना होता. गावाचे उन्हाळे हे नाव तेथल्या ऊन पाण्याच्या झऱ्यावरून पडले आहे हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे ‘आधी उन्हाळ्यात अंघोळ करायची आणि मग गंगेवर जायचं’ हे आजीचे वाक्य ऐकून, उन्हाळा तर दोन महिने चालूच आहे, मग त्यात वेगळी अंघोळ ती कसली, असा मला प्रश्न पडला होता. टेकडीच्या पायथ्याशी दगडी गोमुखातून कढत पाण्याची धार पडत होती आणि दिवाळीत टिकल्या फोडल्यावर बोटांना येतो तसा गंधकाचा वास येत होता. संधिवाताच्या बायका धारेखाली पाठ देऊन बसलेल्या होत्या आणि एकदा बसलेली बाई लवकर उठत नसल्यामुळे मागे रांग वाढत होती. तिथून ओलेत्यानेच आम्ही टेकडी चढलो. वर आणखी एक नवल होते. हातभर अंतरावरच्या दोन कुंडांतले पाणी एकसारखे नव्हते. एकात पाय टाकला की शहारा यावा आणि दुसऱ्यात ते कोमट लागावे. मी एका कुंडातून दुसऱ्याकडे धावत सुटले आणि त्याबद्दल पाठीत एक धपाटाही खाल्ला. आजी प्रत्येक कुंडातला एकेक तांब्या डोक्यावर घेत मोजत होती. नवव्या-दहाव्याला तिची मोजणी चुके आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. आजीच्या वाट्याला त्या दिवशी नेमके किती तांबे पाणी आले, हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही.

परतताना धूतपापेश्वराचे दर्शन होतेच. पनवेलच्या 1872 सालच्या ज्या औषधी कारखान्यातली काढ्याची बाटली आमच्या फडताळात असे, त्याचे नाव या देवावरून ठेवलेले आहे, त्यामुळे बरीच वर्षे मी त्याला खोकल्याचा देव समजत होते. देवळाला लागून मृडानी नदी कातळावरून खाली उडी घेते. मे महिन्यात ती उडी कसली, काळ्या दगडावरून ओघळणारा एक दोराच होता. तरीही तो मला इतका आवडला की आपण हा धबधबा बघायलाच आलो आहोत ना, असे मी आजीला विचारले. तिने ओला पदर पिळता पिळता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पाणी बघायला का कोणी जातं? पाणी आणायला जातात.”

या एका वाक्याने माझ्या पुढच्या सगळ्या सहलींची नासाडी केली आहे. पुढे श्रावणात तोच धूतपापेश्वर पाहिला, तेव्हा दोराच्या जागी मातकट पाण्याचा लोंढा कोसळत होता आणि शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नव्हते. मारळला मार्लेश्वराच्या पायऱ्या चढून गेले आणि फक्त समयांच्या उजेडात असलेल्या त्या गुहेतून बाहेर आल्यावर समोर धारेश्वर धबधबा पाहिला. सह्याद्रीच्या रानातून येणारे ते पाणी संक्रांतीला, म्हणजे साखरप्याच्या गिरिजादेवीशी देवाचे लग्न लागते तेव्हा, बरेच शहाण्यासारखे वागते. चिपळूणजवळचा सवतसडा तर महामार्गावरूनच दिसतो, आणि एखाद्या घरातले भांडण त्याच्या नावात कायमचे अडकून बसले आहे. हे सगळे सुंदर आहे, पण धबधब्यासमोर उभे राहिल्यावर पहिल्या दोन मिनिटांनंतर नेमके काय करायचे असते, हे मला अजून समजलेले नाही. चष्मा भिजतो, भोवतीचे लोक मोबाइल उंच धरतात, आणि मी रिकामे भांडे घेऊन चुकीच्या घरी आल्यासारखी उभी असते. गोमुखाशी माझे असे होत नाही. तिथे हात पुढे करता येतो, पाणी ऊन की गार हे कळते, आणि मुख्य म्हणजे सांडलेले पाणी पुढे कुठे जाते ते शोधता येते. दोणीतून पाटात, पाटातून पोफळीच्या आळ्यात, असा त्याचा माग काढत मी देवळामागे जाते. माझ्या नवऱ्याच्या मते, सगळे जग वर बघत असताना खाली वाकून गटार बघणारी बाई त्याच्याच नशिबी आली.

राजापूरचेही असेच आहे. पावसाळ्यात अर्जुना नदी जवाहर चौकात शिरते याच्या बातम्या सर्वांना ठाऊक असतात. कोदवलीला ब्रिटिश काळात बांधलेले ‘सायबाचे धरण’ मात्र गावाबाहेर फारसे कोणी ओळखत नाही. तिथले पाणी विजेवाचून, निव्वळ उतारावरून शहरात येते. साहेबानेही ते बघायला अडवलेले नव्हते. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर फिरतो, कारण इथला जांभा दगड चाळणीसारखा आहे. वर पडलेले तो पोटात घेतो आणि सोडून देतो. गंगेच्या येण्या-जाण्याचे कारणही या पोटातच कुठेतरी आहे, असे भूगर्भाचे जाणकार म्हणतात. पिंपातले रॉकेल वडील रबरी नळीने ओढून काढत, तेव्हा एकदा धार लागली की नळीत हवा शिरेपर्यंत ती थांबत नसे. खडकातली पोकळी भरून वाकणापर्यंत पाणी चढले की तशीच धार लागते आणि पोकळी रिकामी झाली की तुटते. आजीला हे पटले असते की नाही, सांगता येत नाही. वडिलांच्या तोंडात रॉकेल जाई, ते मात्र तिने पाहिले होते.

बाटलीचे काय करायचे ते विचारण्यासाठी मी मावशीला फोन लावला. पाणी जुने झाले आहे, तुळशीत घालू का, असे म्हणताच ती एकदम तडकली.

“टाकू नकोस हो अजिबात. वरून नळाचं घाल. थेंबभर गंगा असली की सगळी गंगाच होते.”

“पण मावशी, अशाने यात खरी गंगा किती उरेल?”

“मी तरी दोनदा घातलंय,” ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.

मी बाटली घेऊन मोरीपाशी गेले. रविवारी दुपारी आमच्याकडे नळाला पाणी नसते. शेवटी फिल्टरचे घातले.