अण्णांच्या दिंडीत

पुणे-सासवड हा वारीतला सगळ्यात मोठा टप्पा, त्यात शेवटी दिवे घाट, त्यावर सगळेच लिहितात. जेजुरीचा भंडारा, नीरेत माऊलींच्या पादुकांचं स्नान, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, सगळं बघितलं खरं, पण आता आठवायला बसलं की एकात एक मिसळतं. नीट आठवते ती फलटणहून बरडला जातानाची दुपार.

पण आधी अण्णा. माझे वडील, तालुक्याच्या गावातले जनरल प्रॅक्टिशनर, दिवाळीनंतर गेले. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींचं प्रस्थान, की त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्याला कुलूप आणि दारावर पाटी, डॉक्टर वारीला गेले आहेत. अॅडमिशनच्या रांगेत आमच्यासोबत कायम आईच उभी. यंदा वीणेकरी बुवांचा फोन आला, जागा रिकामी ठेवू नकोस, म्हणून गेलो. आणि मग दिंडीत ज्याला त्याला अण्णांची गोष्ट सांगायची! हरिपाठ झाला की हातात बॅटरी घेऊन प्रत्येक तंबूत जायचे, शुगर असलेल्या म्हाताऱ्यांचे तळवे एकेक करून बघायचे, कारण शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव जाते, काटा रुतला तरी कळत नाही, आणि त्याच जखमेतून पुढे पाय कापायची वेळ येते. लोक संकोचायचे, डॉक्टरांनी पायाला हात लावायचा म्हणजे काय, तर म्हणायचे वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, मी जरा निरखून पडतो. हे ऐकून डोळ्यात पाणीही यायचं आणि रागही यायचा, कारण घरी माझा ताप बघायला कंपाउंडर यायचा.

तर ती दुपार. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड, डांबर तापलेलं, पुढच्या दिंडीतला एकजण टाळ असा बडवत होता की वाटलं जाऊन हिसकावून घ्यावा. बाभळीखाली बसलो तर शेजारी एक आजी, परभणीकडच्या, तुळस बाजूला ठेवून तंबाखू मळत बसलेल्या. "पाय दाव," म्हणाल्या. मी नको नको म्हणतोय तोवर पदराच्या गाठीतून सुईदोरा काढला, फोडातून आरपार ओवला, दोऱ्याची टोकं बाहेर तशीच ठेवली आणि वर खोबरेल. पाणी दोऱ्यावाटे आपसूक निघालं. अण्णा असते तर ओरडलेच असते, या सुईदोऱ्यावरून दरवर्षी त्यांची बायकांशी भांडणं, वरची कातडी हेच फुकटातलं ड्रेसिंग, भोकं पाडून जंतू कशाला आत घालता. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आजी पाय लांब करून बसल्या तेव्हा त्यांचा तळवा दिसला. अंगठ्याखाली बाभळीचा काटा, मोडून आत गेलेला, भोवती काळपट लाल, आणि बाईंना पत्ताच नाही.

"आजी, शुगर आहे का?"

"हाय की, गोळी घेते. का रं?"

मी दाखवलं तर हसल्या, म्हणाल्या दुखत नाही मग कशाला बघायचं. मला एकदम घाम फुटला. पाण्याच्या टँकरमागे मेडिकलची गाडी होती, तिकडे चला म्हटलं तर येईनात, दिंडी पुढे जाते म्हणून, शेवटी तुळस माझ्या डोक्यावर घेतली तेव्हा मागून आल्या, शिव्या देत. पोरसवदा डॉक्टरीण होती, काटा काढला, धुतलं, पट्टी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रोज दाखवा म्हणाली. यात चांगला तास गेला. आजींची दिंडी बरीच पुढे निघून गेलेली, आणि तो राग बरडपर्यंत माझ्यावर. "चांगली चालले व्हते, तुझ्यापायी मागं राहिले." मी लंगडत, डोक्यावर तुळस. चहा विचारला तर तोंड फिरवलं. त्यांची दिंडी सापडल्यावर तुळस घेतली आणि वळूनही बघितलं नाही. मी विणेकऱ्याला गाठून पट्टीचं सांगून आलो, तो म्हणाला, "हो माऊली, हो माऊली," लक्ष सगळं भाकरीकडे.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव. वाखरीला गर्दीत चप्पल गेली. पंढरपुरात दर्शनाची रांग बघितली आणि कळसाला हात जोडून बाजूला झालो.

आईचा फोन. "दर्शन झालं?"

"कळसाचं."

"तुझे वडील दरवर्षी हेच सांगायचे," आई म्हणाली, "आणि बुक्का आणायला विसरायचे. तू तरी आण."